घरगुती वातानुकूलन यंत्रातील बिघाड व दुरुस्ती

घरगुती वातानुकूलन यंत्रातील बिघाड व दुरुस्ती या विषयात राहत्या घरातील वातानुकूलन यंत्र, म्हणजेच बोलीभाषेतील ‘एसी’, नीट काम करीनासे झाल्यास त्याचे कारण शोधण्याची रीत, दुरुस्तीच्या पद्धती, त्यातील धोके आणि नियमित देखभाल यांचा समावेश होतो. या यंत्रातील बरेचसे बिघाड हवेचा अपुरा प्रवाह, पाण्याच्या निचऱ्यातील अडथळा आणि विद्युत पुरवठ्यातील दोष या तीन कारणांपैकी एकामुळे उद्भवतात. शीतक वायूची गळती हे चौथे कारण होय. ‘गॅस संपला’ हे निदान मात्र इतर तपासण्या न करताच पुष्कळदा केले जाते. बंदिस्त नळ्यांतून फिरणारे शीतक वापरामुळे संपत नाही. ते कमी झाले असेल तर कुठेतरी गळती असलीच पाहिजे. दुरुस्तीच्या शास्त्राचा हा पायाभूत नियम आहे.

महाराष्ट्रात प्रदेशागणिक हवामान बदलत असल्याने बिघाडांचे स्वरूपही बदलते. कोकण किनाऱ्यावर दमट व खारी हवा, विदर्भात प्रखर उष्मा, तर नाशिकसारख्या पठारी शहरात कोरडा उन्हाळा व त्यामागोमाग येणारा दमट पावसाळा अशा भिन्न परिस्थितीत यंत्रास काम करावे लागते. प्रस्तुत लेखात उदाहरणादाखल नाशिक शहर व जिल्ह्याचा विचार केला आहे.

## पार्श्वभूमी

आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ अमेरिकन अभियंता विलिस कॅरियर यांनी १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आखलेल्या यंत्रणेपासून मानला जातो. हवेतील दमटपणामुळे कागद आकुंचन-प्रसरण पावून रंगीत छपाई बिघडत असे. ती अडचण दूर करणे हा त्या यंत्रणेचा मूळ हेतू होता. माणसांना गारवा देणे हा उपयोग पुढे आला. भारतात या उद्योगाची वाढ प्रामुख्याने मुंबईतून झाली. मोहन टी. अडवाणी यांनी १९४३ मध्ये ब्लू स्टार कंपनीची स्थापना केली, तर टाटा सन्स व स्विस व्यापारी संस्था व्होल्कार्ट ब्रदर्स यांच्या सहयोगातून १९५४ मध्ये व्होल्टास कंपनी उभी राहिली.

प्रारंभी घरगुती वापरात खिडकीत बसवावयाचे एकसंध यंत्र, म्हणजे विंडो एसी, प्रचलित होते. पुढे खोलीतील व बाहेरील असे दोन भाग असलेला स्प्लिट एसी रूढ झाला. त्यानंतर कॉम्प्रेसरची गती गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारे इन्व्हर्टर यंत्र आले. यंत्राची रचना बदलत गेली तशी दुरुस्तीही बदलली. जुन्या विंडो एसीत बिघाड प्रायः यांत्रिक वा साध्या विद्युत स्वरूपाचे असत. इन्व्हर्टर यंत्रात इलेक्ट्रॉनिक पट्टीचे, म्हणजे पीसीबीचे, बिघाड अधिक आढळतात.

## रचना व कार्य

बिघाडाचे निदान करण्यासाठी यंत्राचे कार्य समजणे आवश्यक असते. वातानुकूलन यंत्र थंडावा ‘निर्माण’ करीत नाही; ते खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकते. या कार्याचे चार मुख्य घटक आहेत.

* कॉम्प्रेसर (संपीडक): हा बाहेरील भागात असतो. तो वायुरूप शीतक दाबून त्याचा दाब व तापमान वाढवतो.
* कंडेन्सर कॉइल (संघनक): बाहेरील भागातील या नळ्यांच्या वेटोळ्यात उष्ण शीतक आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होते.
* केशनलिका अथवा प्रसरण झडप: या अरुंद मार्गातून जाताना शीतकाचा दाब एकदम घटतो व ते अतिशय थंड होते.
* कूलिंग कॉइल (बाष्पक): खोलीतील भागात असलेल्या या वेटोळ्यावरून पंखा हवा फिरवतो. शीतक हवेतील उष्णता शोषून पुन्हा वायुरूप होते व कॉम्प्रेसरकडे परतते.

थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते. ते खालच्या तबकात जमून निचरा नळीवाटे बाहेर जाते. म्हणजेच यंत्रात शीतक, हवा, पाणी व वीज असे चार प्रवाह चालू असतात. कोणताही बिघाड या चारपैकी एका प्रवाहात अडथळा आल्याचे लक्षण होय.

यंत्राची क्षमता ‘टन’ या एककात सांगतात. एक टन म्हणजे सुमारे ९०७ किलोग्रॅम बर्फ २४ तासांत वितळवण्यास लागणाऱ्या उष्णतेइतकी उष्णता त्याच वेळात काढून घेण्याची क्षमता. ती सुमारे ३.५ किलोवॉट भरते. एक टन हे यंत्राचे वजन नव्हे किंवा त्यातील वायूचे प्रमाणही नव्हे.

## नाशिकचे हवामान व यंत्रावरील परिणाम

नाशिक हे गोदावरीच्या काठी, सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेले आहे. मार्च ते मे या काळात दुपारची हवा उष्ण व कोरडी असते. अशा हवेत पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे कूलर चांगले काम करतात, म्हणून एसी असलेल्या अनेक घरांतही कूलर आढळतो. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत मात्र हवा दमट होऊन कूलर निरुपयोगी ठरतो. जिल्ह्यातही हवामानाची विविधता मोठी आहे. पश्चिमेकडील इगतपुरी व त्र्यंबकेश्वर परिसरात विपुल पाऊस पडतो, पूर्वेकडील मालेगावात उन्हाळा अतिशय कडक असतो, तर निफाड परिसर हिवाळ्यातील नीचांकी तापमानासाठी ओळखला जातो.

या ऋतुचक्रामुळे बिघाडांचाही हंगाम ठरलेला असतो. हिवाळाभर बंद राहिलेले यंत्र मार्चमध्ये पहिल्यांदा सुरू केल्यावर साचलेली धूळ, बाहेरील भागातील पक्ष्यांची घरटी, उंदरांनी कुरतडलेल्या तारा व पीसीबीवर मेलेल्या पाली किंवा मुंग्या यांमुळे होणारे बिघाड उघड होतात. एप्रिल-मे महिन्यांत कंडेन्सर तापणे, कॉम्प्रेसर मध्येच बंद पडणे व कमी दाबाच्या विजेमुळे यंत्र चालू न होणे या तक्रारी वाढतात. पावसाळ्यात खोलीत पाणी टपकणे, कुबट वास व बुरशी या तक्रारी प्रमुख ठरतात.

भारतीय मानक आयएस १३९१ नुसार यंत्राची क्षमता बाहेरील तापमान ३५ अंश सेल्सियस व खोलीतील तापमान २७ अंश सेल्सियस असताना मोजली जाते. बाहेर ४२ अंश तापमान असेल तर तेच यंत्र नोंदवलेल्या क्षमतेपेक्षा कमी उष्णता काढते व वीज अधिक घेते. त्यामुळे मालेगावातील मे महिन्याच्या दुपारी वरच्या मजल्यावरील, तापलेल्या स्लॅबखालची खोली १८ अंशांपर्यंत थंड न होणे हा बिघाड असेलच असे नाही. खोलीच्या मानाने यंत्र लहान असल्याचेही ते लक्षण असू शकते. ढोबळमानाने १२० चौरस फुटांपर्यंतच्या खोलीस एक टन व १८० चौरस फुटांपर्यंतच्या खोलीस दीड टन क्षमतेचे यंत्र वापरतात. वरचा मजला, पश्चिमेची भिंत व मोठ्या काचा असल्यास अधिक क्षमता लागते.

## निदानाचा क्रम

अनुभवी कारागीर तपासणी सोप्याकडून अवघडाकडे व बाहेरून आत अशी करतो. प्रथम वीजपुरवठा, मग नियंत्रण, त्यानंतर हवेचा प्रवाह, पाण्याचा निचरा, विद्युत घटक आणि सर्वांत शेवटी शीतक, असा तो क्रम असतो. शीतकाचा मार्ग प्रारंभी उघडल्यास दाबमापकाची नळी जोडता-काढताना थोडा वायू निसटतो व नसलेला दोष निर्माण होऊ शकतो.

| लक्षण | संभाव्य कारणे | पहिली तपासणी |
|---|---|---|
| यंत्र मुळीच सुरू होत नाही | वीज नाही, एमसीबी पडलेला, सैल प्लग, रिमोटचे सेल संपलेले, पीसीबी खराब | सॉकेटमधील दाब, एमसीबी, रिमोट |
| पंखा चालतो, हवा थंड नाही | रिमोट ‘फॅन’ वा ‘ड्राय’ स्थितीत, कॉम्प्रेसर बंद, शीतक कमी | रिमोटची स्थिती, बाहेरील भाग चालू आहे का |
| थंडावा हळूहळू कमी झाला | जाळी वा कॉइलवर धूळ, कंडेन्सर मळलेला, सूक्ष्म गळती | जाळी, दोन्ही कॉइल |
| कॉइलवर बर्फ जमतो | हवेचा प्रवाह कमी, शीतक कमी, पंखा मंद | जाळी, आतील पंख्याची गती |
| खोलीत पाणी टपकते | निचरा नळी तुंबलेली वा उलट उताराची, यंत्र तिरके बसवलेले | नळीचे टोक, तबक |
| थोड्या वेळाने बंद पडून पुन्हा सुरू होते | कंडेन्सर तापणे, कमी दाब, कॅपॅसिटर अशक्त, संवेदक सदोष | बाहेरील पंखा, विजेचा दाब |
| एमसीबी वारंवार पडतो | तारेचा शॉर्ट, कॉम्प्रेसरच्या वेटोळ्याचा दोष, सैल जोड | वायरिंग, जमीनजोडणी |
| कुबट वास | कॉइल व तबकातील बुरशी, साचलेले पाणी | कॉइल, तबक |

यंत्र बंद केल्यावर लगेच सुरू केल्यास कॉम्प्रेसर सुमारे तीन मिनिटे चालू होत नाही. नळ्यांतील दोन्ही बाजूंचा दाब समान होण्यासाठी हा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो. तो बिघाड नव्हे.

## हवेच्या प्रवाहातील दोष

खोलीतील भागाच्या पुढील झाकणाआड धूळ अडवणारी जाळी असते. ती धुळीने भरली की कॉइलवरून जाणारी हवा घटते. कॉइलला पुरेशी उष्णता न मिळाल्याने तिचे तापमान शून्य अंशाखाली उतरते, बाष्पाचा बर्फ होतो व तो बर्फ उरलीसुरली हवाही अडवतो. यंत्र बंद केल्यावर हा बर्फ वितळून खोलीत पाणी पडते. अशा वेळी पाणी गळणे, थंडावा नसणे व बर्फ जमणे या तिन्ही तक्रारींचे मूळ एक मळकी जाळीच असते. जाळी नळाच्या साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवली की काम होते. नित्य वापरात दर दोन आठवड्यांनी व बांधकामे चालू असलेल्या वस्तीत दर आठवड्याने ती धुणे इष्ट मानतात.

बाहेरील भागासही मोकळी हवा लागते. सदनिकांमध्ये हा भाग पुष्कळदा अरुंद डक्टमध्ये, बंदिस्त बाल्कनीत किंवा लोखंडी पिंजऱ्यात बसवलेला असतो. तेथे सोडलेली गरम हवा पुन्हा कंडेन्सरमध्ये ओढली जाते, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर स्वसंरक्षणार्थ बंद पडतो. कंडेन्सर धुताना पाण्याचा झोत पातळ पत्र्यांना समांतर धरावा लागतो. तिरक्या व जोरदार झोताने हे पत्रे वाकून हवेचा मार्ग कायमचा बंद होतो.

प्रवाहाची साधी कसोटी तापमापकाने करता येते. यंत्र १५ ते २० मिनिटे चालल्यावर आत ओढल्या जाणाऱ्या व बाहेर सोडल्या जाणाऱ्या हवेच्या तापमानात सामान्यतः ८ ते १२ अंशांचा फरक असतो. हा फरक योग्य असूनही खोली थंड होत नसेल, तर दोष यंत्रात नसून खोलीत, म्हणजे दारे-खिडक्यांच्या फटींत, उन्हात किंवा अपुऱ्या क्षमतेत, शोधावा लागतो.

## पाण्याचा निचरा

दमट हवेत दीड टनी यंत्रातून तासाला एक लिटर किंवा त्याहून अधिक पाणी निघू शकते. कोरड्या उन्हाळ्यात हे प्रमाण फारच कमी असते. त्यामुळे निचरा नळीतील दोष एप्रिल-मे महिन्यांत दडून राहतो व जूनमध्ये प्रकट होतो. नळीत साचणारा धूळ व शेवाळाचा लगदा, नळीचा मधेच वर चढलेला भाग, टोक पाण्याच्या बादलीत बुडालेले असणे आणि भिंतीवरील यंत्राचा निचऱ्याच्या विरुद्ध बाजूस कल ही गळतीची नेहमीची कारणे आहेत. नळीत हवा फुंकून वा पाणी सोडून अडथळा दूर करता येतो. यंत्राची पातळी मोजण्यासाठी कारागीर गवंड्याप्रमाणेच पाणसळ वापरतात.

## विद्युत बिघाड

भारतात घरगुती पुरवठ्याचा प्रमाण दाब २३० व्होल्ट आहे. उन्हाळ्यात भार वाढल्यावर तो काही भागांत खाली जातो. दाब कमी झाला की कॉम्प्रेसर सुरू होण्यास अडखळतो, अधिक प्रवाह घेतो व तापतो. विस्तृत दाबकक्षेत चालणाऱ्या नव्या यंत्रांना स्वतंत्र स्टॅबिलायझर लागत नाही. जुन्या यंत्रांना मात्र तो उपयुक्त ठरतो.

कॅपॅसिटर (धारित्र) हा स्थिर गतीच्या यंत्रात वारंवार बिघडणारा स्वस्त घटक आहे. तो अशक्त झाला की कॉम्प्रेसर ‘हूं’ असा आवाज करून सुरू न होताच बंद पडतो. टोपण फुगलेले दिसणे किंवा मोजलेली धारिता लिखित मूल्यापेक्षा स्पष्टपणे कमी भरणे ही त्याची चिन्हे होत. केवळ कॅपॅसिटर बदलून चालू होणाऱ्या यंत्राचा कॉम्प्रेसर ‘जळाला’ असे निदान झाल्यास ग्राहकाचे मोठे नुकसान होते. म्हणून कॉम्प्रेसर बाद ठरवण्यापूर्वी कॅपॅसिटर, पुरवठ्याचा दाब व वेटोळ्यांचा रोध या तिन्ही गोष्टी मोजणे अपेक्षित असते. स्थिर गतीच्या कॉम्प्रेसरला सामाईक, चालू व आरंभ अशी तीन टोके असतात. सामाईक टोकापासून इतर दोन टोकांपर्यंतच्या रोधांची बेरीज त्या दोन टोकांमधील रोधाइतकी भरते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमध्ये तिन्ही रोध समान असतात. कोणतेही टोक कॉम्प्रेसरच्या धातूच्या कवचाशी जोडलेले आढळल्यास वेटोळे जळाले असल्याचे निश्चित होते.

तापमान संवेदक सदोष असल्यास यंत्र खोली थंड होण्यापूर्वीच थांबते किंवा थांबतच नाही. पीसीबी दाबातील चढउतार, ओलावा, मुंग्या व पाली यांमुळे खराब होतो. इन्व्हर्टर यंत्र बिघाडाचा संकेत अंक-अक्षरांत किंवा दिव्यांच्या लुकलुकण्यातून दाखवते. हे संकेत कंपनीनुसार वेगळे असल्याने त्यांचा अर्थ त्या यंत्राच्या पुस्तिकेतूनच लावावा लागतो.

दीड टनी यंत्रासाठी स्वतंत्र वाहिनी, पुरेशा जाडीची तांब्याची तार, योग्य क्षमतेचा एमसीबी व खात्रीची जमीनजोडणी आवश्यक असते. जुन्या वाड्यांत व चाळींत पंखे-दिव्यांसाठी टाकलेल्या वायरिंगवरच एसी जोडल्यास तार तापते. काळवंडलेला प्लग, वितळलेले सॉकेट व जळका वास ही आगीची पूर्वसूचना होय. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याजागी अधिक क्षमतेचा एमसीबी बसवणे अत्यंत धोक्याचे असते, कारण त्यामुळे तारेचे संरक्षण नाहीसे होते.

## शीतक व गळती

भारतातील घरगुती यंत्रांत पुढील शीतके आढळतात.

| शीतक | ओझोन थरास हानी | जागतिक तापवृद्धी क्षमता (कार्बन डायऑक्साइड = १) | ज्वलनशीलता |
|---|---|---|---|
| आर-२२ | होते | सुमारे १८१० | नाही |
| आर-४१०ए | होत नाही | सुमारे २०८८ | नाही |
| आर-३२ | होत नाही | सुमारे ६७५ | सौम्य |
| आर-२९० (प्रोपेन) | होत नाही | सुमारे ३ | तीव्र |

ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला. या करारानुसार आर-२२ टप्प्याटप्प्याने वापरातून जात आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार जागतिक तापवृद्धी करणारी पुढील पिढीची शीतकेही कमी करावयाची असून भारताने या दुरुस्तीस २०२१ मध्ये मान्यता दिली. एक किलो आर-४१०ए हवेत सुटणे हे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सुटण्यासारखे आहे. त्यामुळे गळती न शोधता दरवर्षी वायू भरत राहण्याची प्रथा ग्राहकाच्या खर्चाबरोबर पर्यावरणाचीही हानी करते.

गळतीची चिन्हे ओळखता येतात. नळ्यांच्या जोडाजवळ तेलकट डाग दिसतो, बाहेरील भागाच्या बारीक नळीवर बर्फ जमतो आणि यंत्र नेहमीपेक्षा कमी विद्युत प्रवाह घेते. याउलट कंडेन्सर मळलेला असेल तर प्रवाह वाढतो. म्हणून क्लॅम्प मीटरने मोजलेला प्रवाह निदानास मोठे साहाय्य करतो. योग्य दुरुस्तीचे टप्पे असे आहेत:

1. उरलेले शीतक हवेत न सोडता बाहेरील भागात किंवा स्वतंत्र टाकीत गोळा करणे.
2. कोरडा नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या फेसाने गळतीची जागा शोधणे.
3. जोड नव्याने करणे अथवा तांब्याच्या नळीस डाग देणे व पुन्हा दाबाची चाचणी घेणे.
4. व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा पूर्णपणे काढणे आणि निर्वात स्थिती टिकते का हे पाहणे.
5. यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकेच शीतक काट्यावर तोलून भरणे.

यांपैकी चौथा टप्पा वेळ वाचवण्यासाठी अनेकदा गाळला जातो. शीतकाच्याच झोताने हवा बाहेर ढकलली तरी ओलावा आत राहतो. आर-३२ व आर-४१०ए यांच्या यंत्रांतील कृत्रिम तेल ओलावा झपाट्याने शोषते. त्यापासून आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसरच्या वेटोळ्याचे आवरण झिजते. असा कॉम्प्रेसर लगेच नव्हे, तर काही महिन्यांनी जळतो व मूळ चूक नजरेआड राहते. पावसाळ्यात केलेल्या दुरुस्तीत हा धोका अधिक असतो. एका शीतकासाठी बनवलेल्या यंत्रात दुसरे शीतक भरणेही अयोग्य आहे, कारण दाब, तेल व सुरक्षेची रचना भिन्न असते.

## सुरक्षितता

घरमालकाने स्वतः करण्याजोगी कामे मर्यादित आहेत. जाळी धुणे, रिमोट व एमसीबी तपासणे, निचरा नळीचे टोक साफ करणे व बाहेरील भागासमोरील अडथळे हटवणे ही ती कामे होत. झाकण उघडावे लागणारे प्रत्येक काम प्रशिक्षित कारागिराकडे सोपवणे योग्य ठरते.

* वीज बंद केल्यानंतरही कॅपॅसिटर व इन्व्हर्टर पीसीबीमध्ये प्राणघातक विद्युत भार काही मिनिटे टिकतो. तो उतरल्याचे मीटरने पाहिल्याशिवाय हात लावू नये, असा नियम आहे.
* गळती तपासण्यासाठी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन भरणे हे स्फोटास निमंत्रण होय. दाबाखालील ऑक्सिजन व कॉम्प्रेसरचे तेल यांच्या संयोगाने भीषण स्फोट होतो.
* आर-३२ व आर-२९० ज्वलनशील असल्याने बंद खोलीत वायू सुटलेला असताना ज्योत, विडी-सिगारेट वा ठिणगी वर्ज्य असते. डाग देण्यापूर्वी नळ्या रिकाम्या करून नायट्रोजनने धुणे आवश्यक असते. शीतक ज्योतीत जळल्यास विषारी वायू निर्माण होतात.
* इमारतीच्या बाहेरील भिंतीवर काम करताना सुरक्षा पट्टा व भक्कम आधार लागतो. गंजलेल्या लोखंडी स्टँडवर भार टाकणे किंवा खिडकीच्या छज्जावर उभे राहून काम करणे कारागिराच्या जिवावर बेतू शकते. पट्ट्याविना काम करू न देणे ही घरमालकाचीही जबाबदारी ठरते.

## देखभाल व विजेची बचत

उन्हाळ्यापूर्वी, फेब्रुवारीच्या अखेरीस, एकदा व पावसाळ्यानंतर एकदा अशी वर्षातून दोनदा संपूर्ण स्वच्छता पुरेशी मानली जाते. पाण्याने धुताना पीसीबी व मोटर झाकणे आवश्यक असते. कुबट वास टाळण्यासाठी यंत्र बंद करण्यापूर्वी काही मिनिटे नुसता पंखा चालवून कॉइल वाळवतात.

ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००६ मध्ये घरगुती एसीसाठी तारांकन सुरू केले व २०१० पासून ते अनिवार्य झाले. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे मूळ स्थितीत २४ अंशांवरच सुरू होतील अशी तरतूद करण्यात आली. ब्यूरोच्या मते तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के विजेची बचत होते. २४ ते २६ अंशांवर यंत्र चालवून सोबत छताचा पंखा मंद ठेवल्यास कॉम्प्रेसरवरील ताण घटतो व बिघाडही कमी होतात. १६ अंशांवर ठेवल्याने खोली लवकर थंड होते हा समज स्थिर गतीच्या यंत्राबाबत चुकीचा आहे. असे यंत्र त्याच वेगाने थंडावा देते, फक्त अधिक काळ चालते.

## प्रशिक्षण व व्यवसाय

राज्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये दहावीनंतर प्रशीतन व वातानुकूलन तंत्रज्ञ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उपलब्ध असतो. केंद्र सरकारच्या मार्च २०१९ मधील भारत शीतकरण कृती आराखड्यात या क्षेत्रातील एक लाख कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. नाशिक जिल्ह्यात या कौशल्यास घरांपलीकडेही मागणी आहे. निर्यातीची द्राक्षे तोडणीनंतर त्वरित गार करून शून्य अंशाच्या आसपास साठवावी लागतात. त्यासाठी निफाड व दिंडोरी भागांत पूर्वशीतकरण केंद्रे व शीतगृहे आहेत. द्राक्षांचा हंगाम व उन्हाळ्याची सुरुवात एकमेकांना लागून येतात. औषधांची दुकाने, रक्तपेढ्या व दूध संकलन केंद्रे यांनाही हीच विद्या लागते.

अनेक कारागीर मात्र उमेदवारी करीतच काम शिकलेले असतात. आर-२२ च्या काळातील सवयी ज्वलनशील शीतकांच्या यंत्रांवर तशाच वापरल्या गेल्यास अपघात संभवतो. म्हणून पुनर्प्रशिक्षणास महत्त्व प्राप्त झाले आहे.

## ग्राहकांचे हक्क

दुरुस्ती ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ‘सेवा’ आहे. सदोष सेवेबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. त्यावर उत्पादकांनी दुरुस्तीविषयक माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. दुरुस्तीच्या पावतीवर सापडलेला दोष, बदललेला भाग, भरलेल्या शीतकाचे नाव व वजन यांची नोंद असल्यास पुढील वाद टळतात. बदललेला जुना भाग मागून घेणे हाही उपयुक्त प्रघात आहे. निकामी यंत्र भंगारात फोडल्यास उरलेले शीतक हवेत सुटते. ई-कचरा नियमांनुसार ते अधिकृत संकलकाकडे देणे अपेक्षित आहे.

## दुरुस्ती की नवे यंत्र

कॅपॅसिटर, संवेदक, पंख्याची मोटर वा निचरा नळी यांचे बिघाड जुन्या यंत्रातही दुरुस्त करणे परवडते. कूलिंग कॉइलला ठिकठिकाणी छिद्रे पडणे किंवा कॉम्प्रेसर जळणे हे बिघाड खर्चिक असतात. यंत्र दहा वर्षांहून जुने व आर-२२ वर चालणारे असल्यास दुरुस्तीचा खर्च, शीतकाची घटती उपलब्धता व विजेचे वाढीव बिल यांचा एकत्रित विचार करून निर्णय घेतला जातो. यंत्र हमीच्या मुदतीत असल्यास बाहेरच्या कारागिराने ते उघडल्याने हमी रद्द होऊ शकते, म्हणून प्रथम हमीपत्र पाहणे श्रेयस्कर ठरते.

## हे सुद्धा पहा

* प्रशीतन
* ओझोन थर
* माँट्रियल करार
* ऊर्जा दक्षता ब्यूरो
* उष्णतेची लाट
* नाशिक जिल्हा